कोपेश्वर पाहिला, खिद्रापूर राहिले

कोल्हापूर-सांगलीकडील कुटुंबांची एक सहल वर्षानुवर्षे ठरून गेलेली आहे. सकाळी लवकर निघायचे, नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय धुऊन दत्तप्रभूंच्या मनोहर पादुकांचे दर्शन घ्यायचे, महाप्रसादाच्या पंगतीला बसायचे, पेढ्यांचा पुडा आणि बासुंदी बरोबर घ्यायची आणि दिवस हाताशी उरलाच तर गाडी कुरुंदवाडवरून खिद्रापूरकडे वळवायची. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधूनच नांगरून पडलेले काळेभोर रान आणि शेवटी कृष्णेच्या वळणात विसावलेले एक गाव. गाडी मंदिराच्या दाराशी थांबते. मंडळी स्वर्गमंडपात उभी राहून माना वर करतात, छायाचित्रे काढतात, गाभाऱ्यात हात जोडतात आणि पाऊण तासात परतीच्या वाटेला लागतात. घरी आल्यावर शेजाऱ्यांना सांगितले जाते, "या वेळी खिद्रापूरही पाहून आलो."

वस्तुतः पाहिलेले असते ते कोपेश्वराचे मंदिर. खिद्रापूर पाहायचे राहूनच गेलेले असते. हा भेद वरवर शाब्दिक वाटेल. परंतु ज्या समाजाला आपल्या प्राचीन वारशाचा अभिमान आहे, त्याने तरी या भेदाचा गांभीर्याने विचार केला पाहिजे. मंदिर आणि गाव यांना एकमेकांपासून तोडून पाहण्याच्या सवयीतच आपल्या वारशाच्या उपेक्षेचे मूळ दडलेले आहे.

पाषाणात कोरलेले आश्चर्य

मंदिराचे वैभव वादातीत आहे. कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळात, १२ व्या शतकात ते प्रामुख्याने आकाराला आले. पुढ्यातच असलेला स्वर्गमंडप हे त्याचे सर्वांत लोभस वैशिष्ट्य. ४८ खांबांच्या या मंडपाला मध्यभागी छतच नाही. तेथे सुमारे १३ फूट व्यासाचे वर्तुळाकार गवाक्ष थेट आकाशाकडे उघडते आणि त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच विस्ताराची गोल शिळा आहे. भोवती १२ खांबांचे वर्तुळ आणि वरच्या कडेला आपापल्या वाहनांसह अष्टदिक्पाल. कार्तिकी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या गवाक्षावर येतो, तेव्हा खालच्या शिळेवर चांदण्याचे मंडल उतरते. यात चमत्कार नाही, शास्त्र आहे. हे स्थान विषुववृत्ताच्या उत्तरेस साधारण साडेसोळा अंशांवर आहे आणि कार्तिकातील पूर्णचंद्र येथे मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. आकाशाच्या या चलनाला पाषाणाची चौकट मिळाल्याने त्याचा प्रत्यय कोणालाही सहज येतो. त्या रात्री येथे मोठी गर्दी लोटते, हे स्वाभाविकच आहे.

गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत. एक कोपेश्वर, म्हणजे कोप पावलेले शिव. दुसरे धोपेश्वर, म्हणजे त्यांचा कोप शांत करण्यासाठी आलेले विष्णू. दक्षाच्या यज्ञात सतीने देहत्याग केला आणि शंकर क्रुद्ध झाले, ती ही कथा. शैव आणि वैष्णव असा भेद मिटवून दोघांना एकाच गाभाऱ्यात बसविणारी ही परंपरा आहे. मंदिरासमोर नंदी मात्र नाही. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी येथे नसून यडूर येथे आहे, असे सांगितले जाते. आज यडूर कर्नाटकात आहे. स्वामी महाराष्ट्रात आणि वाहन कर्नाटकात! मंदिरातील बहुतेक शिलालेखही कानडी भाषेत आहेत. राज्यांच्या सीमा कालच्या. हे नाते कैक शतकांचे आहे, याची याहून बोलकी साक्ष कोणती असू शकेल?

राजाने दिले ते गाव

दक्षिण द्वाराजवळ बाहेरच्या भिंतीवर मात्र देवनागरी लिपीतील एक संस्कृत लेख आहे. तो देवगिरीच्या यादव राजा सिंघण याचा, शके ११३६ मधील. हा लेख पाहण्यासाठी क्वचितच कोणी थांबते. परंतु खिद्रापूरचे मर्म त्यातच आहे. सिंघणाने पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजाचा पराभव करून कोल्हापूरचे शिलाहार राज्य संपविले, ते इ. स. १२१२ च्या सुमारास. त्यानंतर दोनच वर्षांत त्याने पराभूत घराण्याच्या छत्राखाली उभ्या राहिलेल्या या मंदिराच्या पूजाअर्चेसाठी कृष्णेच्या संगमावरचे एक गाव दान दिले. जेत्याने आपल्या नावाचे नवे मंदिर उभारले नाही, जित राजाच्या मंदिराची सोय लावली.

आणि सोय लावताना त्याने काय दिले? सोन्याचा कळस नव्हे, गाव दिले. मंदिर दगडावर उभे राहते, पण टिकते ते गावावर, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना पुरेपूर ठाऊक होते. गावाने पिकवावे, त्यातील वाटा देवाला द्यावा, दिवाबत्ती करावी, कोसळलेला चिरा पुन्हा बसवावा, अशी ती व्यवस्था होती. त्याआधी शिलाहार गंडरादित्याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव खोदविला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांचीही मंदिरे उभारली, असे त्याच्या ताम्रपटात नमूद आहे. देवालये तीन आणि त्यांच्या मधोमध गावाच्या तोंडी पाणी घालणारा एक तलाव! श्रद्धा आणि लोकजीवन यांची सांगड त्या पिढीने किती सहजपणे घातली होती, हे यावरून ध्यानात यावे. खिद्रापुरातही कोपेश्वरापासून जवळच आदिनाथाचे प्राचीन जैन मंदिर आहे. पाऊण तासाच्या पाहुण्यांपैकी किती जणांची पावले तिकडे वळतात?

भंजक कोण, रक्षक कोण?

कोपेश्वराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे पाहताना मन विषण्ण होते. पीठावरील गजथरातील हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, अनेक मूर्तींची मुखे छिन्न झालेली आहेत. औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमेत हा विध्वंस झाला आणि गावाचे कोप्पम् हे जुने नाव जाऊन एका मोगल सरदाराच्या नावावरून ते खिद्रापूर झाले, असे परंपरा सांगते. पाहुण्यांना मार्गदर्शक हे आवर्जून सांगतो. ऐकणाऱ्याचे रक्त तापते. ते तापावे, यात गैर काही नाही.

परंतु प्रश्न त्याच्या पुढचा आहे. औरंगजेबाचे निधन इ. स. १७०७ मध्ये झाले. त्याला आता ३०० वर्षे उलटून गेली. या ३०० वर्षांचा हिशेब कोणी द्यायचा? फोडणाऱ्याचा धिक्कार करणे सोपे असते, कारण त्यासाठी स्वतःला काही करावे लागत नाही. राखणाऱ्याचे काम कठीण असते. ते दररोज करावे लागते आणि त्याची छायाचित्रे निघत नाहीत. कोपाने पेटलेल्या शिवाला विष्णूने शांत केले आणि मग दोघेही तेथेच राहिले, असे ही कथा सांगते. कोप खराच, पण कोपानंतर तेथे राहण्याचीही तयारी हवी. समाजाला कोपेश्वर पटकन उमगतो, त्याच्या शेजारचा धोपेश्वर मात्र अजून उमगायचा आहे.

आज हे मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. ते आवश्यकच आहे. पण संरक्षणाची किंमत कोण मोजतो? २०१० मध्ये प्राचीन स्मारकांच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय बांधता येत नाही. शहरातील माणसाला हा नियम कागदावर रास्तच वाटेल. मंदिराला लगटून ज्यांची घरे आहेत, त्यांना मात्र मुलगा लग्नाचा झाला म्हणून एक खोली वाढविण्याआधीही दहादा विचार करावा लागतो. राष्ट्राच्या वारशासाठी एक लहानसे गाव आपल्या अंगणावर बंधन सोसते आणि राष्ट्र मात्र पाऊण तास येऊन जाते. सिंघणाने मंदिराला गाव दिले होते. आपण गावाकडून मंदिर घेतले आणि बदल्यात काय दिले, हा विचार कोणाच्याच मनाला शिवत नाही.

पुराच्या पाण्यातील गाव

शिरोळ तालुक्याचे आणि पाण्याचे नाते दुहेरी आहे. नृसिंहवाडीला पावसाळ्यात नदीचे पाणी मंदिरात शिरते आणि पादुकांना स्पर्श करून दक्षिण द्वाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक दुरून धावत येतात. दक्षिणद्वाराचा हा सोहळा म्हणजे नदीला वैरीण न मानता घरची मानणाऱ्या संस्कृतीचा सुंदर आविष्कार होय.

पण हीच नदी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये मर्यादा ओलांडून आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तालुक्यातील गावेच्या गावे वेढली गेली. होड्यांतून माणसे निघाली, दावणीची जनावरे सोडून द्यावी लागली, उभा ऊस पाण्याखाली कुजला. त्या दिवसांत असंख्य सेवाभावी हात पुढे आले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु पूर ओसरतो तेव्हा मदतीचाही ओघ ओसरतो आणि चिखल काढायला गावच उरते. शिवाय महापूर नसतो तेव्हाही संकट संपत नाही. वर्षानुवर्षे मोकळ्या पाटाने दिलेल्या पाण्यामुळे तालुक्यातील कितीतरी काळी जमीन क्षारपड झाली आहे. पृष्ठभागावर पांढरट मिठाचा थर येतो आणि जेथे ऊस डोलत होता तेथे बाभूळ उगवते. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून अशा जमिनींचा निचरा करण्याचे काम हाती घेतले आणि पडीक झालेली राने पुन्हा पिकाखाली आली, हा आशेचा भाग.

त्यातच अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा प्रश्न कृष्णाकाठच्या माणसाच्या उशाशी आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये या उंचीला अनुमती दिली, तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात या भागात तोच विषय निघतो. धरणाच्या फुगवट्याचा पुराशी संबंध किती, हा तज्ज्ञांचा विषय आहे आणि तो तज्ज्ञांनीच सोडवावा. परंतु ज्या गावाला दर काही वर्षांनी घर सोडून जावे लागते, तेथील तरुणाने तेथेच का राहावे, हा प्रश्न तज्ज्ञांचा नव्हे. आणि तो तरुण इचलकरंजीच्या मागावर किंवा पुण्याच्या कारखान्यात कायमचा निघून गेला, तर कोपेश्वरापुढे सांजवात कोण लावणार? कुलूप खाते लावील, पण वात लावायला गाव लागते.

खिओसचा धडा

वारसा आणि वस्ती यांची गाठ कशी टिकवावी, याचे एक उदाहरण दूरच्या ग्रीस देशात आहे. एजियन समुद्रातील खिओस बेटावर, किनाऱ्यापासून आत, पिर्गी आणि मेस्ता ही मध्ययुगीन गावे आजही नांदती आहेत. समुद्री चाच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती आत वसविली गेली. घरे एकमेकांना इतकी चिकटून की बाहेरच्या घरांच्या पाठभिंतींचाच तट व्हावा आणि मधोमध शेवटच्या आश्रयासाठी बुरूज. १३४६ ते १५६६ या काळात तेथे जिनोआच्या इटालियन व्यापाऱ्यांचे राज्य होते, नंतर तुर्की अंमल आला.

ही गावे इतकी जपली गेली, ती एका झाडासाठी. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी नावाचा जो सुगंधी डिंक मिळतो, तो या बेटाच्या दक्षिण भागातला. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून तिच्यावर पांढरी माती पसरायची, सालीला बारीक चिरा द्यायच्या आणि ठिबकून गोठलेले थेंब वेचून, निवडून, स्वच्छ करायचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून चालत आले आहे. १८२२ मध्ये तुर्कांनी या बेटावर भीषण कत्तल केली, तेव्हाही मस्तकीच्या उत्पन्नापायी या गावांना त्यांनी बऱ्याच अंशी हात लावला नाही. १९३८ मध्ये उत्पादकांनी आपला सहकारी संघ स्थापन केला. १९९७ मध्ये युरोपीय संघाने मस्तकीच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिले आणि २०१४ मध्ये युनेस्कोने ती पिकविण्याच्या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

यातील शेवटची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. युनेस्कोने गौरविली ती तट-बुरुजांची शोभा नव्हे, गावकऱ्यांचे काम गौरविले. पिर्गीला जाणारा प्रवासी घरांच्या भिंतींवर खरवडून काढलेली काळी-पांढरी नक्षी पाहायला जातो. पण त्या भिंतींच्या आत माणसे राहतात, ओसरीवर बसून डिंक निवडतात आणि घराचा गिलावा जुना झाला की तीच नक्षी पुन्हा काढून घेतात. तेथील वारसा राखण्यासाठी कोणाला वेगळा अभिमान शिकवावा लागत नाही. पोट आणि परंपरा एकाच उंबऱ्यात नांदतात. खिओसजवळ कोपेश्वरासारखे मंदिर नाही. खिद्रापूरजवळ ते आहे. उणीव आहे ती मंदिर आणि चूल यांना जोडणाऱ्या धाग्याची.

यात्रा कशी करावी?

हा धागा सरकारने विणावा, अशी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. शिरोळ तालुक्यातील गावे स्वतः निर्णय घेऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले आहे. याच तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी पतीनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श ठेवला. मुंबईला न सुचलेली गोष्ट एका लहान गावाला सुचली आणि राज्याने ती त्याच्याकडून घेतली. ज्या मातीत एवढे सामाजिक बळ आहे, तिला उपदेशाची नव्हे, सोबतीची गरज आहे.

सोबत म्हणजे काय? प्रथम, वेळ. जो पाऊण तास येतो त्याला गाव दिसत नाही. कुटुंबाने खिद्रापूरसाठी पूर्ण दिवस काढावा. कोपेश्वराइतक्याच आदराने आदिनाथाच्या मंदिरात जावे, नदीवर जावे, पुराचे पाणी कोठवर आले होते ते एखाद्या वडीलधाऱ्याला विचारावे आणि तो सांगेल ते निवांत ऐकावे. जेवण गावातच करावे. ज्वारीची भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी वाढणारी घरे तेथे असणारच. मागणारा पाहुणा असेल तर चार चुलींना नियमित उत्पन्न मिळेल. आठवड्याच्या सहलीत हॉटेलला दिले जाणारे पैसे गावातल्या माउलीच्या हाती गेले, तर ते सिंघणाच्या दानाचेच छोटे रूप ठरेल.

दुसरी गोष्ट, ज्ञान. कोल्हापूर-सांगलीतील महाविद्यालयांत इतिहास आणि पुरातत्त्व शिकविणारे अध्यापक आहेत. त्यांनी सुट्टीचे काही दिवस देऊन खिद्रापुरातील मुलामुलींना तेथील शिलालेखांचा आशय, दिक्पालांची ओळख, गजथराची रचना शिकवावी. कानडी लेख वाचण्यासाठी नदीपलीकडच्या कर्नाटकातील जाणकारांना सन्मानाने बोलवावे. सीमावादाच्या घोषणांनी जे साधत नाही, ते अशा एखाद्या शिबिराने सहज साधेल. आपल्या गावाची कथा नेमकेपणाने सांगणारी मुले तयार झाली, की कल्पित कथा आपोआप मागे पडतील.

तिसरी गोष्ट, सातत्य. गावोगावच्या मंडळांनी, शाळांनी, संस्कार वर्गांनी एकेका प्राचीन गावाशी नाते जोडावे. कार्तिकी पौर्णिमेला तर जावेच, पण दुसऱ्या दिवशी आवार झाडायलाही थांबावे. पुराच्या वर्षी मदतीची गाडी न्यावी, पण पुराच्या पुढच्या वर्षीही चौकशीला जावे.

यावर कोणी म्हणेल की पाहुणे वाढले की गाव बिघडते. कागदी पेले, कर्णे आणि टपऱ्या येतात. ही शंका खरी आहे. कार्तिकी पौर्णिमेसारख्या एका रात्री हजारोंनी लोटणारी गर्दी गावाला काही देत नाही, उलट थकवून जाते. म्हणूनच आग्रह अधिक पाहुण्यांचा नाही, अधिक काळ थांबणाऱ्या आणि गावाला विचारून वागणाऱ्या पाहुण्यांचा आहे. पूर्वीचा यात्रेकरू असाच होता. तो पायी येई, मुक्काम करी, गावच्या विहिरीचे पाणी पिई, गावच्या सुखदुःखाच्या गोष्टी घेऊन पुढे जाई. यात्रेला सहलीचे रूप आले तेव्हा रस्ते सुधारले, वाहने सुधारली. मुक्काम तेवढा हरवला.

स्वर्गमंडपाच्या गवाक्षातून वर पाहणे सर्वांनाच आवडते. पण त्या गवाक्षातून चांदणे खाली उतरते, ते जमिनीवरच्या शिळेवर. वर पाहून झाले की खालीही पाहावे, त्या शिळेभोवतीच्या गावाकडे पाहावे. पुढच्या खेपेस नृसिंहवाडीहून निघालेली गाडी खिद्रापुरात सूर्यास्तापर्यंत थांबली, मंडळींनी एखाद्या ओसरीवर बसून पुराची हकीकत ऐकली आणि सांजवात लागताना गावकऱ्यांबरोबर उभे राहून हात जोडले, तर घरी परतल्यावर शेजाऱ्यांना "खिद्रापूर पाहिले" असे सांगण्याचा अधिकार त्यांना खऱ्या अर्थाने प्राप्त होईल.